करडगीची टिकटिक

आमच्या घरात माणूस दिसण्याआधी ऐकू यायचं. पेडगावात रस्त्याला लागून आमचं किराणा दुकान, त्याच्या मागं दोन खोल्या, त्यांच्या मागं न्हाणी आणि म्हशीचं छप्पर. मधे दारं होती, पण ती कधी लावलेली मला आठवत नाहीत. गल्ल्यावर बसलेल्या अप्पांना, म्हणजे माझ्या वडिलांना, मान न वळवता कळायचं की मागं कोण आलंय. गंगूआत्या आली की तिच्या कमरेच्या किल्ल्या वाजायच्या. ही अप्पांची विधवा बहीण. माझी आई मी लहान असतानाच गेली, तेव्हापासून घर आत्याच्याच हातात होतं. आणि मी आले की माझी करडगी वाजायची.

आम्ही लिंगायत. प्रत्येकाच्या गळ्यात लिंग, आणि ते ठेवायची चांदीची, अंड्याच्या आकाराची डबी म्हणजे करडगी. माझी करडगी आईची होती. आईचं लिंग आईबरोबर गेलं, करडगी राहिली. माझ्या लिंगाला ती सैल पडायची. आत्या आत कापसाची घडी घालून द्यायची, चार दिवसांत ती दबून जायची आणि लिंग आत हलायला लागायचं. चालले की टिक, वाकले की टिक. बोलताना तर जास्तच, कारण मी नुसत्या तोंडानं बोलत नाही. आजही गिऱ्हाइकाशी भाव करताना माझे दोन्ही हात हवेत असतात.

लिंग अंगावेगळं करायचं नाही. न्हाताना नाही, झोपताना नाही, आजारपणात नाही. रोज सकाळी आंघोळ झाली की मधल्या खोलीत ओळीनं बसायचं, कपाळाला भस्म लावायचं, लिंग डाव्या तळहातावर घेऊन पूजा करायची, त्याच्यावरून ओघळलेलं तीर्थ प्यायचं आणि मगच भाकरीला हात लावायचा. हरवलं तर काय, असं मी लहानपणी आत्याला एकदा विचारलं होतं. ती ज्वारी निवडत होती. "लिंग गेलं की जीव गेला," ती म्हणाली. "घावंपर्यंत अन्न न्हाई, पाणी न्हाई." "आणि घावलंच न्हाई तर?" आत्यानं सुपातलं तोंड वर केलं नाही आणि उत्तरही दिलं नाही. त्या उत्तराची भीती माझ्या मनात बरीच वर्षं होती. उत्तर मिळालं असतं तर कदाचित कमी घाबरले असते.

मी परभणीच्या कॉलेजात अकरावीला जात होते तेव्हा गावात लॅब आली. तिचं खरं नाव लांबलचक होतं, पण गाव लॅबच म्हणायचं. कुठल्याशा संस्थेनं ग्रामपंचायतीच्या जुन्या खोलीत दोन कॉम्प्युटर बसवले. शिवाय कॅमेरा, मायक्रोफोन, बॅटरीवर चालणारं रेकॉर्डर असं सामान एका जीपमधून यायचं, काही दिवस आमच्याकडं राहायचं आणि मग पालमला जायचं. गावातल्या पोरापोरींनी गावाच्या गोष्टी आपणच तयार करायच्या आणि बाजाराच्या दिवशी पारावर कर्णा लावून सगळ्यांना ऐकवायच्या, अशी कल्पना. शिकवायला समीर सर होते. पुण्याकडचे, तरुण, गोरेगोमटे, सगळ्यांशी हसून बोलणारे. हसून बोलणाऱ्या माणसाशी सौदा जपून करावा हे मला दुकानात बसून कळायला हवं होतं.

कॅमेरा पहिल्याच दिवशी पोरांनी घेतला. आम्हा मुलींना टायपिंगला बसवलं. मी दोन दिवस टायपिंग केलं आणि तिसऱ्या दिवशी सरांसमोर उभी राहिले. "सर, कॅमेऱ्यात तुमाला काय घावणार? म्हशी, पार अन् शाळा. सगळ्यांनी बघितलेलंच हाय. मी तुमाला आमच्या दुकानाचा आवाज देते. गूळ फोडल्याला, साखरेचं पोतं उसवल्याला. पण मायक्रोफोन माझ्या हातात पायजे, अन् पारावर लावताना नाव माझं."

सर हसले. "तू फार भाव करतेस, महानंदा."

"दुकानदाराची हाय मी."

मायक्रोफोन मिळाला. पुढचे काही दिवस मी आमचं घर कानानं नव्यानं पाहिलं. गुळाच्या ढेपेवर अप्पांची हातोडी पहिल्यांदा बद्द वाजते आणि ढेप फुटायच्या आधी आवाज बदलतो. रिकामा तेलाचा डबा आणि भरलेला डबा, शेंगदाण्याचं पोतं आणि तांदळाचं पोतं, सगळ्यांचा आवाज वेगळा. हे मला ठाऊक होतं, पण ठाऊक आहे हे ठाऊक नव्हतं. आत्या भाकरी थापत होती तेव्हा परातीखाली मायक्रोफोन धरला तर म्हणाली, "माझ्या भाकरीला काय ताप आलाय का, ते लावून बघायलीस?" रेकॉर्डर चालू असलं की अप्पा पुड्या जरा सावकाश बांधायचे, म्हणजे कागदाचा आवाज नीट येईल.

राहिलं होतं माझं निवेदन. जीप पालमला निघायच्या दिवशी, दुपारी, लॅबमध्ये मी ते बोलायला बसले. खोलीत मी आणि सर दोघंच. दार उघडं, बाहेर पोरं. हेडफोन घातले की आपला श्वास दुसऱ्या कुणाचा तरी वाटतो. मी दोन वाक्यं बोलले आणि सरांनी हात वर केला.

"टिकटिक येतेय. काय आहे ते?"

"करडगी, सर."

"मग काढून ठेव ना दोन मिनिटं. ते गळ्यातलं. कोण बघतंय?"

इथं मी थांबायला हवं होतं असं कुणीही म्हणेल. मी म्हणते, त्यानं सांगायला नको होतं. शिकवणाऱ्या माणसानं "काढ" म्हटल्यावर सोळा वर्षांच्या पोरीच्या हातांनी काय करायचं? मी दाराकडं पाहिलं, मान वाकवली, गळ्यातला दोरा डोक्यावरून काढला आणि करडगी बाजूला ठेवली. निवेदन एका दमात झालं. शेवटच्या वाक्यावर लाइट गेली. जीपवाला बाहेरून हॉर्न वाजवायला लागला, सर अर्ध्या अंधारात वायरी गुंडाळायला लागले. दुकानात पाहुणे आलेत म्हणून आत्यानं मला बोलवायला पोरगं पाठवलं होतं. मी पळाले.

पाहुण्यांचा चहा झाला, ते गेले. मी कळशी घेऊन आडावर गेले. वाकले, दोर सोडला आणि तशीच थांबले. काहीतरी वाजायचं राहिलं होतं. हात छातीवर गेला. तिथं नुसतं पोलकं होतं.

भीती पायातून वर चढते असं लोक म्हणतात. माझी कानातून आली. सगळं गाव एकदम मोठ्यानं ऐकू यायला लागलं, रहाटाची कुरकुर, कुत्री, पिठाची गिरणी. फक्त माझा आवाज नव्हता. मी कळशी तिथंच टाकून लॅबकडं धावले. दाराला कुलूप. खिडकीच्या गजातून पाहिलं: टेबल मोकळं. जीप कधीच गेली होती. करडगी कुठं ठेवली ते आठवायला लागले तर आठवेचना. मायक्रोफोनची काळी पेटी उघडी होती एवढं डोळ्यांसमोर होतं. पेटीतच ठेवली असणार, असं मी स्वतःला सांगितलं आणि ओढणी गळ्याभोवती घट्ट गुंडाळून घरी आले. त्या संध्याकाळी पोट दुखतंय म्हणून जेवले नाही. पाणीही प्यायले नाही. आत्याचा शब्द मी खरा मानत होते. मला कुणी मारील याची भीती नव्हती. अप्पांनी माझ्यावर कधी हात उचलला नव्हता. मला भीती होती ती गिळण्याची. घोट घशाखाली गेला आणि काहीतरी कायमचं तुटलं तर?

खरी परीक्षा सकाळी होती. दुसऱ्या घरातल्या पोरींना चार दिवस बाजूला बसायची सबब असते. आमच्यात तीही नाही. अंगावर लिंग असताना विटाळ कसला? ताप आहे म्हणावं तर आत्या अंथरुणाशी येऊन लिंग हातावर देणार. पूजा चुकत नव्हती. म्हणून मी सगळ्यांच्या आधी उठले, दुकानात गेले आणि रिठ्याच्या पोत्यात हात घातला. एक रिठा निवडला, काळसर, गोल, चकचकीत. बोटं मिटली की वरचा भाग तेवढा दिसायचा आणि तो हुबेहूब लिंगासारखा वाटायचा. स्वतःच्या हुशारीचा मला क्षणभर आनंदसुद्धा झाला. दुकानदाराच्या मुलीला सगळ्या मालाची माहिती असते. फक्त त्या वेळी ती डोक्यात नसते.

आम्ही बसलो. अप्पा, मग आत्या, मग मी. अप्पांचे डोळे मिटलेले होते. मी आत्याकडं पाठ जरा जास्त वळवून तळहातावर रिठा घेतला, तांब्यातलं पाणी सोडलं आणि रोजच्या सवयीनं अंगठ्यानं चोळलं. आणि फेस आला. पांढराशुभ्र, बारीक बुडबुड्यांचा, बोटांच्या फटीतून वर येणारा फेस. मी पाणी ओतलं तर तो आणखी वाढला.

"नंदे," आत्या म्हणाली, "फेस कशाचा गं?"

"हाताला साबण राहिला."

"नीट धुवावं माय हात. देवाच्या अंगाला साबण लावायलीस."

अप्पांचा जप चालूच होता. आता तीर्थ. आत्या बघत होती. मी हात तोंडाशी नेला आणि ते कडू, झोंबरं पाणी प्यायले. पाणी प्यायचं नाही हा नेमही मोडला, आणि मोडला तो रिठ्याच्या पाण्यानं. त्यानंतर कित्येक वर्षं मी केसांना रिठा लावू शकले नाही. वास आला की जीभ आत ओढली जाते. भाकरी मी डब्यात घेतली, बसमध्ये खाते म्हणाले.

परभणीच्या स्टँडवर उतरले ते कॉलेजकडं वळलेच नाही. पालमची एसटी लागली होती. एवढ्या लांब मी कधी एकटी गेले नव्हते. शेजारी पालमच्या बाजाराला निघालेली एक म्हातारी बसली होती, पायाशी कोंबड्यांची पाटी. "कुणाची गं तू? एकलीच चाललीस?" म्हणून विचारत राहिली आणि मी दर वेळी वेगळं उत्तर देत राहिले. पोखर्णीला नरसिंहाच्या दर्शनाची माणसं उतरली तेव्हा वाटलं आपणही उतरावं, त्याच्या पायावर डोकं ठेवावं. पण गळ्यात लिंग नसताना दुसऱ्या देवाकडं जायचीही मला भीती वाटली. डब्यातल्या भाकरीचा आणि शेंगांच्या चटणीचा वास येत होता. जीभ टाळूला चिकटली होती. खिडकीबाहेर तूर, कापूस, पुन्हा तूर; आणि प्रत्येक थांब्याला वाटायचं, अप्पांच्या ओळखीचं कुणीतरी आता वर चढणार.

पालमला सरांचं सामान एका शाळेच्या खोलीत होतं. ते मला बघून आधी हसले. मी सांगितलं तेव्हा हसायचे थांबले. काळी पेटी आणली, उघडली. आत करड्या फोममध्ये मायक्रोफोनच्या आकाराचा खड्डा आणि त्यात मायक्रोफोन. मी फोम उचकटून काढला. खाली काही नव्हतं.

मी खाली बसले.

"घरीच कुठंतरी असेल बघ," सर म्हणाले. "आणि तू काढलंस कशाला पण?"

"तुमी सांगितलं म्हणून."

"मी? मी कशाला असं सांगू?"

भीतीच्या तळाशी माझ्याकडं नेहमी राग असतो. तो त्या दिवशी पहिल्यांदा कामाला आला. मी उठले. "रेकॉर्डर चालू हुतं," मी म्हणाले. "लावा."

त्यांनी टाळाटाळ केली, मी दारात उभी राहून आवाज चढवला, तेव्हा त्यांनी लावलं. हेडफोन मी माझ्या कानावर घेतले. माझी दोन वाक्यं, त्यामागं टिक, टिक. मग सरांचा आवाज, स्वच्छ: ते गळ्यातलं, कोण बघतंय. त्या वेळी मला त्या वाक्याचा आनंदही झाला नाही. मी पुढचं ऐकत होते. पोलक्याची सळसळ. दोरा केसांत अडकल्याचा बारीक आवाज. आणि मग: टण्ण.

फोममध्ये ठेवलेल्या वस्तूचा असा आवाज येत नाही. टेबलावर ठेवली तर लाकूड वाजतं. मी मागं घेऊन पुन्हा ऐकलं, पुन्हा ऐकलं. पातळ पत्रा, चौकोनी, पूर्ण रिकामा नाही. तेलाचा डबा असा वाजत नाही, डालड्याचा नाही. हा आमच्या फळीवर दुसऱ्या ओळीत असतो.

"सर, बिस्किटाचा डबा कुठंय?"

तो टेबलाखाली होता. त्यात ते बॅटरीचे सेल आणि वायरींचे तुकडे टाकायचे. मी तो जमिनीवर उपडा केला. वायरींच्या गुंत्यातून माझी करडगी घरंगळत आली. उघडून पाहिलं. लिंग आत होतं. मी ते गळ्यात घातलं, तिथंच भिंतीकडं तोंड करून शाळेच्या माठातलं पाणी लिंगावर सोडलं आणि तळहातातलं प्यायले. सर दाराकडं बघत होते.

मग ते हळू आवाजात म्हणाले, "हे गावात कुणाला सांगू नकोस. लॅब बंद पडेल."

म्हणजे आता माल माझ्याकडं होता. मी डोळे पुसले आणि भाव केला. हे रेकॉर्डिंग जसंच्या तसं एका सीडीवर मला द्यायचं. निवेदन मी आत्ता इथंच पुन्हा बोलणार, करडगी गळ्यात ठेवून, आणि पारावर तेच वाजवायचं, टिकटिकसकट. मग मी गप्प. सर म्हणाले, "मान्य." शाळेच्या कॉम्प्युटरवर सीडी करून दिली. निवेदनही घेतलं. माझा आवाज कापत होता, पण टिकटिक होती.

घरी पोचले तेव्हा दिवस मावळत होता. आत्या अंगणात कुरकुरत होती, की आपलं कुणाला काही म्हणणं नाही, पण अप्पांचं दुपारचं ताट दुकानातून तसंच परत आलंय, तिनं काय माशांसाठी भाकरी भाजल्या? मी दुकानातून आत गेले. अप्पा माझ्याकडं पाठ करून तागडीची दोरी बांधत होते. त्यांनी मान वळवली नाही. माझी करडगी त्यांच्या मागून वाजत गेली तसं म्हणाले, "गंगे, भाकर आण. नंदीला पण वाढ."

बाजाराच्या दिवशी पारावर कर्णा लागला. गूळ फुटला, पोतं उसवलं, माणसं हसली, "आरं, अप्पाचं दुकान!" मग माझा आवाज आला. स्वच्छ. धुतलेला. सरांनी पहिलंच निवेदन लावलं होतं, कारण ते चांगलं आलं होतं. मागं काहीच वाजत नव्हतं. लोक वाहवा करत होते आणि मी मागं सरकत होते, कारण पलीकडं बायकांत गंगूआत्या उभी होती आणि तिनं मान तिरकी केली होती. ती ऐकत होती. तिच्या घरात ती मला रोज ऐकायची. काय नाही ते तिला कळायला वेळ लागला नाही.

"सरांनी सांगितलं," एवढं मी बोलले आणि तिनं मला दंडाला धरून सरांसमोर उभं केलं. अप्पा मागं आले. "हिच्या अंगावर लिंग न्हवतं बोलताना. काढायला तुमी सांगितलं?" आत्यानं विचारलं.

सरांनी माझ्याकडं पाहिलं. मग हसून म्हणाले, "छे, आत्याबाई. मी कशाला असं सांगेन? पोरी आपल्या मनानं काहीतरी करतात."

सीडी माझ्या पिशवीत होती. कॉम्प्युटर दहा पावलांवर. लावली असती तर सगळ्या बाजारानं त्याचा आवाज ऐकला असता. पण त्यामागून टण्णही ऐकू आलं असतं. नुसतं काढलं, एवढंच आत्याला ठाऊक होतं. वायरींच्या डब्यात पडलं, रात्रभर परक्या गावात राहिलं, आणि त्या सकाळी मी रिठ्याची पूजा केली, हे तिला ठाऊक नव्हतं. एक दोरा ओढला की सगळं उसवणार. हे मला कळत होतं, आणि मला कळतंय हे त्या माणसाला कळत होतं. माझ्याच भीतीवर त्यानं भाव पाडला. मी आयुष्यात पुष्कळ सौदे केले, हा एकच असा की समोरच्यानं माल घेतला आणि मोबदला मला खोटं पाडून दिला.

मी अप्पांकडं पाहिलं. ते म्हणाले, "चला घरी." एवढंच. मठातल्या स्वामींनी मला उपास सांगितला, आत्यानं कित्येक दिवस माझ्या हातचं पाणी घेतलं नाही, आणि लॅब मला बंद झाली. ती पुढं सगळ्यांनाच बंद झाली, पण ते वेगळ्या कारणानं.

आज परभणीत स्टेशन रोडला माझा स्वतःचा स्टुडिओ आहे. कुणाच्या मेहरबानीवर उभा राहिलेला नाही. भजनी मंडळं येतात, निवडणुकीच्या गाड्यांचे आवाज इथंच भरले जातात. बायकांच्या बांगड्या वाजतात, वाजू देते. मध्यंतरी अप्पा मोतीबिंदूच्या तपासणीला आले आणि दिवसभर माझ्याकडं बसले. डोळे अधू झालेत, कान तसेच आहेत. गिऱ्हाईक नव्हतं. मला काय वाटलं कोण जाणे, मी ते जुनं रेकॉर्डिंग लावलं, मोठ्या स्पीकरवर. इतकी वर्षं मी ते या एका माणसासाठी जपलं होतं. टिक, टिक. सरांचा आवाज. सळसळ. टण्ण.

अप्पांनी डोकं हलवलं. "बिस्किटाचा डबा हाय," म्हणाले.

माझं डोकं फिरलं. "अप्पा, तो माणूस खोटं बोलला हुता. ऐकलं ना तुमी?"

"ऐकलं की. मला तवाच ठाव हुतं."

"तवाच? मग बोलला कामून न्हाईत? सगळ्या बाजारात मला खोटी पडू दिली!"

"बोललो असतो तर गंगीनं पुढचं इचारलं असतं." त्यांनी गळ्यातल्या दोऱ्यावरून बोट फिरवलं. "रिठ्याला फेस येतोय नंदे. दुकानात जल्म गेला माझा."

मी रागानंच बोलले, कारण मला दुसरं येत नाही. "मग त्या दिवशी दुकानात आल्यालं ताट परत कामून पाठवलं? पोट बिघडलं हुतं का तुमचं?"

अप्पा माझ्या दिशेनं बघत राहिले. त्यांना मी किती दिसत होते ते ठाऊक नाही.

"तू खाल्ली हुतीस का भाकर?"

"न्हाई."

"मग?"